शेजारधर्म नेमका कुणाशी?

संक्रमण शिबिरातली एखादी खोली भलत्याच माणसाच्या ताब्यात आहे, हे ओळखायला गुप्तहेर लागत नाही. दारावरच्या पाटीवर एक आडनाव असते, विजेच्या बिलावर दुसरे, आणि दार उघडतो तो तिसराच माणूस. दर अकरा महिन्यांनी खिडकीतला पडदा बदलतो, उंबऱ्याबाहेरच्या चपला बदलतात, दोरीवर वेगळ्याच मापाचे कपडे वाळू लागतात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक गृहस्थ येतात, जिना चढतात आणि पाणीही न पिता दोन मिनिटांत खाली उतरतात. सर्वेक्षणाची नोटीस जिन्याखालच्या फळ्यावर लागली, की एरवी कधी न दिसणारे एक कुटुंब दोन गाद्या, चार भांडी आणि देवाची तसबीर घेऊन मुक्कामाला येते. अधिकारी येतात, अंगठा उमटतो, नाव जुळते. संध्याकाळी गाद्या पुन्हा टेम्पोत.

समोरच्या खोलीतल्या बाई हे सगळे वर्षानुवर्षे बघत असतात. आत राहणाऱ्या भाडेकरूच्या मुलीला ताप आला तेव्हा त्यांनीच पेज करून दिलेली असते. त्या भाडेकरूंचे कुरिअर घेऊन ठेवलेले असते, गॅस सिलेंडरची पावती सांभाळलेली असते. ही खोली या लोकांची नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते. ते कुणाला सांगावे का, असा विषय घरात कधी निघालाच तर यजमान म्हणतात, "आपल्याला काय करायचंय? शेजारधर्म म्हणून काही असतो की नाही?"

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. शेजारधर्म खरोखरच असतो. मुंबईच्या चाळींनी तो शंभर वर्षे पाळला आहे. वाटीभर साखर, रात्री-अपरात्री दवाखान्यात धावणे, गावाला जाताना शेजारी ठेवलेली किल्ली, लग्नकार्यात पंगतीसाठी मोकळी करून दिलेली आपली खोली. यातले काहीही कोणत्या स्मृतीत लिहिलेले नाही. तरीही तो धर्मच आहे, कारण तो मोडला तर माणसाला आतून लाज वाटते. म्हणून 'शेजाऱ्याची तक्रार कशी करायची' हा पेच नुसता घाबरटपणाचा नाही. तो नीतीचा पेच आहे आणि तसाच तो सोडवला पाहिजे.

त्यासाठी आधी ही खोली मुळात कशासाठी बांधली गेली ते पाहायला हवे. दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या जुन्या चाळींची भाडी दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून गोठलेली होती आणि १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती तशीच राहिली. भाडेकरूला आधार मिळाला, पण घरमालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतले. गच्च्या गळू लागल्या, लाकडी तुळया कुजल्या, जिने खचले, इमारती पडू लागल्या. मग १९६९ साली कायदा झाला. जुन्या इमारतींवर उपकर बसवायचा आणि सरकारी मंडळाने त्यांची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करायची, अशी ती व्यवस्था. तेव्हा अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती. हे मंडळ पुढे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, म्हणजे म्हाडाच्या, छत्राखाली आले.

इमारत पाडायची तर माणसे ठेवायची कुठे? यासाठी संक्रमण शिबिरे. शीवचे प्रतीक्षानगर, विक्रोळीचे कन्नमवार नगर, धारावी, गोरेगाव, मालवणी अशा ठिकाणी ती उभी राहिली. नावातच संक्रमण आहे: काही वर्षांचा मुक्काम आणि मग आपल्या मूळ जागी परत. प्रत्यक्षात कितीतरी कुटुंबांची मुले तिथेच जन्मली, तिथेच त्यांची लग्ने झाली, आणि गिरगावातली किंवा लालबागमधली आपली इमारत पुन्हा उभी राहिलेली न पाहताच आजी-आजोबा गेले. काहींची इमारत पुन्हा उभी राहणारच नव्हती, कारण तिचा भूखंड लहान होता किंवा आरक्षणात गेला होता. त्यांची नावे बृहतसूचीत गेली. मास्टरलिस्ट म्हणतात ती हीच. कुठे अतिरिक्त गाळा मिळेल तेव्हा त्यांनी जायचे.

या सगळ्या लांबलेल्या मुक्कामात दलाल शिरला. कुणी मूळ रहिवासी कंटाळून गावी गेला आणि खोली कुलमुखत्यारपत्रावर 'विकून' गेला. कुणी बाहेर दुसरे घर घेतले आणि शिबिरातला गाळा भाड्याने लावला. रिकाम्या पडलेल्या गाळ्यांची कुलपे तोडून थेट माणसे घुसवण्यात आली. म्हाडाच्याच पाहण्यांतून जे चित्र समोर आले त्यात सुमारे वीस हजार गाळ्यांपैकी आठ हजारांहून अधिक गाळ्यांत घुसखोर आढळले. म्हाडाने रहिवाशांचे गट केले: 'अ' म्हणजे मूळ हक्कदार, 'ब' म्हणजे हक्कदाराकडून कागद करून खोली घेतलेले, 'क' म्हणजे सरळ घुसलेले. अ, ब, क. माणसांच्या आयुष्यांची ही वर्गवारी कोरडी वाटते, पण तिच्यात एक महत्त्वाचा भेद दडलेला आहे आणि त्याकडे पुढे यायचे आहे.

"सरकारी खोली आहे, कुणाच्या बापाचं काय जातं?" हे वाक्य शिबिरात, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत, सरकारी वसाहतीत, सगळीकडे ऐकू येते. ज्याचे जाते तो त्या जिन्यावर नसतो, म्हणून हे वाक्य टिकून राहते. पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर होते आणि तिथल्या कुटुंबांना खोल्या खाली करायला सांगितले जाते. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली, ३३ माणसे गेली. जुलै २०१९ मध्ये डोंगरीतल्या केसरबाई इमारतीचा भाग पडला आणि दहाहून अधिक जीव गेले. या दुर्घटनांचे खापर शिबिरातल्या घुसखोरांवर फोडणे अन्यायाचे होईल. प्रत्येक इमारतीची कथा वेगळी आणि गुंत्याची असते. पण धोकादायक इमारतीतली माणसे नोटीस हाती पडूनही का हलत नाहीत, असे विचारले तर एक उत्तर पुन्हा पुन्हा मिळते: 'शिबिरात गेलेला माणूस परत येत नाही.' आणि शिबिरात जायला तयार असलेल्याला जवळपास गाळा मिळेलच याचीही खात्री नसते. आठ हजार गाळे अडलेले असतात तेव्हा ही खात्री कोण देणार?

इतर ठिकाणच्या रांगाही पाहाव्यात. २०२३ मध्ये म्हाडाच्या मुंबई मंडळाने ४,०८२ घरांची सोडत काढली तेव्हा एक लाख वीस हजारांवर अर्ज आले. १९८२ च्या संपानंतर देशोधडीला लागलेल्या गिरणी कामगारांपैकी आणि त्यांच्या वारसांपैकी दीड लाखाहून अधिकांनी घरासाठी अर्ज केले आणि मिळालेली घरे त्यांच्या पासंगालाही पुरली नाहीत. सार्वजनिक घर म्हणजे एक भिंत, एक छप्पर आणि त्यामागे उभी असलेली ही रांग. घर अडवणारा माणूस सरकारला फसवतो तेव्हा त्याचा हात प्रत्यक्षात रांगेतल्या पुढच्या माणसाच्या ताटात गेलेला असतो.

लूकच्या शुभवर्तमानात एक शास्त्री येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? उत्तरादाखल येशू सांगतो ती गोष्ट वाटेत लुटून टाकलेल्या एका अनोळखी माणसाची आणि त्याच्यासाठी थांबलेल्या शोमरोनी वाटसरूची आहे. भिंतीला भिंत लागून असल्याने शेजार होतो, हा समज ती गोष्ट मोडून टाकते. संक्रमण शिबिरातल्या त्या खोलीचा खरा हक्कदार आज बदलापूरला भाड्याने राहत असेल, किंवा टेकू लावलेल्या चाळीत पावसाचा आवाज ऐकत जागा असेल. तो या बाईंचा शेजारी आहे. फक्त त्याला शेजारी येऊ दिलेले नाही.

इथे चहाडीचा आक्षेप येतो आणि तो हलका नाही. परंपरा चहाडीच्या बाबतीत फार कडक आहेत. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे जे गुण मोजले आहेत त्यात 'अपैशुन' आहे: दुसऱ्याची वैगुण्ये चघळत न फिरणे. बौद्ध धम्मात वाणीच्या चार दोषांपैकी एक चहाडीचा आहे, माणसामाणसांत फूट पाडणारे बोलणे. कुराणातल्या 'हुजुरात' या अध्यायात संशय, टेहळणी आणि पाठीमागची निंदा या तिन्ही गोष्टी एका दमात निषिद्ध ठरवल्या आहेत. तेच कुराण 'अल्-बकरा' या अध्यायात साक्ष लपवू नका असेही बजावते; जो लपवतो त्याचे अंतःकरण पापी, असे सांगते. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकात तर दोन्ही आज्ञा एकाच वचनात, अगदी अंगाला अंग लावून आल्या आहेत. आपल्या लोकांत चहाड्या करत फिरू नकोस, आणि शेजाऱ्याच्या जिवावर बेतले असता स्वस्थ उभा राहू नकोस. ज्यांनी हे लिहिले त्यांना दोन्ही धोके माहीत होते. जिभेचा दुरुपयोग बोलून होतो तसा न बोलूनही होतो.

महाभारत या दोन धोक्यांवर दोन कथा सांगते आणि त्या शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत.

पहिली कौशिकाची. कर्णपर्वात कृष्ण ती अर्जुनाला सांगतो. कौशिक नावाच्या तपस्व्याने नेहमी खरेच बोलायचे व्रत घेतले होते. लुटारूंच्या भीतीने काही लोक त्याच्या आश्रमाजवळच्या रानात लपले. मागोमाग लुटारू आले आणि त्यांनी विचारले, माणसे कुठे गेली? कौशिकाने खरे सांगितले. माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. ही कथा साधारणपणे 'सत्यालाही अपवाद असतो' एवढ्यावर सोडून दिली जाते. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. आपण बोलतो ते सत्य कुणाच्या हातात पडणार आहे आणि तो त्याचे काय करणार आहे, हे कौशिकाने विचारलेच नाही. शिबिरातल्या बाईंनी तेच सत्य दुसऱ्या दलालाच्या कानावर घातले, गल्लीतल्या दादाला सांगितले किंवा व्हॉट्सअॅपच्या गटावर नाव-फोटोसकट टाकले, तर त्या कौशिकाच्याच वाटेने गेल्या. त्या कुटुंबाला रात्री कुणीतरी धमकावेल, सामान बाहेर फेकेल आणि खोली एका लुटारूकडून दुसऱ्याकडे जाईल. सत्य सांगायचे ते दोन्ही बाजू ऐकून घेणे ज्याच्यावर बंधनकारक आहे, अशाच जागी. म्हाडाच्या कायद्यात बेकायदा ताबेदाराला आधी नोटीस आणि सुनावणी देऊन मगच बाहेर काढायची तरतूद आहे. ही प्रक्रिया लांबते, चिडचिड होते. पण कौशिकाच्या लुटारूंमध्ये आणि सक्षम अधिकाऱ्यामध्ये फरक आहे तो या सुनावणीचाच.

दुसरी कथा सभापर्वातली. द्यूतसभेत द्रौपदीने प्रश्न विचारला आहे आणि भीष्म-द्रोणांसह सगळे खाली माना घालून बसले आहेत. धृतराष्ट्राचा एक मुलगा, विकर्ण, तेवढा उभा राहून बोलतो, आणि कर्ण त्याला पोरकट ठरवून गप्प करतो. तेव्हा विदुर सभेला एक जुनी हकीकत ऐकवतो. प्रल्हादाचा मुलगा विरोचन आणि ऋषिपुत्र सुधन्वा यांच्यात श्रेष्ठ कोण यावर वाद लागला, प्राणांची पैज लागली आणि निवाड्यासाठी दोघे प्रल्हादाकडेच गेले. बापापुढे मुलाच्या जिवाचा प्रश्न. प्रल्हाद कश्यपाला विचारतो, की जाणूनही न बोलणाऱ्याचे काय होते? कश्यप सांगतो, लोभाने, रागाने किंवा भीतीने जो जाणूनही उत्तर देत नाही त्याच्याभोवती वरुणाचे हजार पाश पडतात आणि वर्षाला एक या हिशेबाने ते सुटतात. पुढे तो पापाची वाटणीही सांगतो. सभेत निंद्य गोष्ट घडली आणि तिची निंदा झाली नाही, तर अर्धे पाप सभेच्या प्रमुखाला, पाव प्रत्यक्ष करणाऱ्याला आणि पाव गप्प बसलेल्या सभासदांना.

ही वाटणी घुसखोरीच्या प्रश्नाला ताडून पाहावी. शिबिरातल्या खोलीत बसलेल्या माणसाच्या वाट्याला पाव. समोरच्या दारातून बघत राहिलेल्यांच्याही वाट्याला पाव. ते आपल्याला नाकारता येत नाही. आणि अर्धे? ते ज्या कार्यालयाच्या नाकाखाली कुलपे तुटली, ज्या टेबलावर खोटी शिधापत्रिका खरी म्हणून सरकली, ज्यांनी सर्वेक्षणे केली आणि अहवाल कपाटात ठेवले, त्यांच्या वाट्याला. घुसखोर आणि शेजारी मिळून जेवढे पाप होते, तेवढे एकट्या सभाप्रमुखाचे. लाचखाऊ यंत्रणेबद्दल चकार शब्द न काढता भाडेकरूंना नैतिकतेचे पाठ देणाऱ्या प्रत्येकाने ही वाटणी लक्षात ठेवली पाहिजे.

कथेचा शेवट बहुतेकांना आठवत नाही. प्रल्हादाने निवाडा मुलाच्या विरुद्ध दिला. सुधन्वा श्रेष्ठ, असे तो सरळ म्हणाला. आणि सुधन्व्याने पैजेत जिंकलेले विरोचनाचे प्राण परत दिले. खरे बोलले गेले, आणि मारला कुणीच गेला नाही.

आता 'ब' गटाकडे यायचे. इथे सगळ्यात जास्त गुंता आहे, कारण या खोल्यांत राहणारे पुष्कळदा गरीब असतात. कोकणातली जमीन विकून, बायकोचे मंगळसूत्र गहाण ठेवून, पतपेढीचे कर्ज काढून कुणीतरी आठ-दहा लाख रुपये दलालाला मोजलेले असतात. हातात काय येते? स्टँप पेपरवरचे कुलमुखत्यारपत्र, नोटरीचा गोल लाल शिक्का, दोन साक्षीदारांच्या सह्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली एक ताबापावती. ती पिशवी देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवतात, इतका तिच्यावर विश्वास. पण सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली 'सूरज लॅम्प' प्रकरणात स्पष्ट केले, की अशा कुलमुखत्यारपत्राने स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही. त्यातून साधे मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते. मूळ रहिवासी गावी वारला त्या दिवशी त्या पिशवीतल्या कागदाचा जीव गेला, आणि हे त्या कुटुंबाला कुणी कळवलेलेही नसते.

या माणसाला चोर म्हणायचे का? जैन परंपरेने हा प्रश्न फार बारकाईने हाताळला आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अस्तेय व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यांत चोरीला उत्तेजन देणे, चोरून आणलेले घेणे आणि राज्याच्या नियमाविरुद्ध जाऊन व्यवहार करणे हे वेगवेगळे मोजले आहेत. चोरून आणलेले घेणाराही व्रताला डाग लावतो, त्याला साफ सोडलेले नाही. पण चोरी करवणारा आणि घेणारा हे एकच, असेही म्हटलेले नाही. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी आश्रमवासीयांना व्रतांविषयी पत्रे लिहिली. त्यांत अस्तेयाबद्दल ते आणखी पुढे जातात: ज्या वस्तूची आपल्याला गरज नाही ती घेणे, मग देणाऱ्याची परवानगी असली तरीही, चोरीच आहे. हे माप लावले तर शिबिराच्या जिन्यावरचा क्रम उलटा होतो. ठाण्यात दोन बेडरूमचे घर असूनही शिबिरातला गाळा अडवून भाडे खाणारा 'अ' गटातला हक्कदार हा, डोक्यावर दुसरे छप्पर नसलेल्या 'ब' गटातल्या खरेदीदारापेक्षा मोठा चोर ठरतो. कागदोपत्री तो निर्दोष असतो. त्याचा अंगठा जुळतो.

म्हणून तक्रार करताना बोट कुणाकडे दाखवायचे याचा विचार हवा. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत मिळालेले घर ठरावीक मुदतीत विकता येत नाही. ही मुदत कित्येक वर्षे दहा वर्षांची होती, पुढे ती कमी करण्याकडे सरकारचा कल झाला. तरीही बंदीच्या काळात घरे विकली गेली आणि त्यांत घेणाऱ्याइतकेच विकणारेही अडचणीतले होते: कुणाच्या घरी आजारपण, कुणाला उद्वाहन आणि देखभालीचा खर्च झेपेना. खरी चांदी झाली ती मध्यस्थाची. एका महिन्यात चार खोल्यांचे कागद करणाऱ्या माणसाचे नाव अर्जात लिहिले जात नाही, कारण तो त्याच नाक्यावर उभा असतो. आणि एकट्या बाईची खोली दाखवून देणे सोपे असते.

भीती खोटी नाही. जानेवारी २०१० मध्ये तळेगाव दाभाड्यात माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा खून झाला. जमिनींच्या गैरव्यवहारांमागे ते लागले होते. जागल्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ साली केला, पण वर्षामागून वर्षे गेली तरी तो अंमलात आणला गेला नाही. आणि वरच्यांचे काय? मुंबईत कुलाब्याच्या 'आदर्श' इमारतीत २५ सदस्य अपात्र आणि २२ व्यवहार बेनामी असल्याचे चौकशी आयोगाने नोंदवले. इमारतीचे मजले चढत गेले तेव्हा गप्प बसलेली मंडळी चांगली शिकलेली, मोठ्या पदांवरची होती. वरच्यांचे हे असताना खालच्याने शंभर टक्के शुद्ध राहावे अशी अपेक्षा कशी करायची, हा प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर वरच्यांनाही पकडणे हे आहे. रांगेतल्या माणसाचा गाळा अडलेलाच राहू देऊन 'आदर्श'चा हिशेब चुकता होत नाही.

इथे महाभारतातली तिसरी कथा उपयोगी पडते. शंख आणि लिखित हे दोघे भाऊ, शेजारी-शेजारी आश्रम. लिखिताने शंखाच्या आश्रमातली फळे न विचारता खाल्ली. शंख राजाकडे तक्रार घेऊन धावला नाही आणि डोळेझाकही केली नाही. तो भावाला म्हणाला, ही चोरी आहे. तू स्वतः राजाकडे जा आणि सांग. लिखित गेला, कबूल झाला, त्या काळच्या क्रूर शिक्षेप्रमाणे त्याचे हात तोडले गेले, आणि पुढे शंखाच्या सांगण्यावरून नदीत स्नान करताच ते परत आले. आजच्या घरांच्या बाबतीतही अशी वाट निघू शकते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१३ च्या कायद्याने सरकारी घर परस्पर भाड्याने देणे हा फौजदारी गुन्हा ठरवला. त्याआधी तिथल्या लेखापरीक्षण आयोगाने २०१२ साली अंदाज केला होता, की इंग्लंडमधली ९८ हजार सामाजिक घरे अशा गैरप्रकारात अडकली आहेत. पण तिथल्या काही नगरपालिकांनी एक वेगळी वाटही चोखाळून पाहिली: ठरावीक मुदतीत येऊन किल्ली परत द्या, विचारणा होणार नाही. हे शंखाचेच धोरण झाले. आपल्याकडे 'अ' गटातल्या ज्या कुटुंबांची घरे बाहेर झाली आहेत त्यांना अशी मुदत द्यायला काय हरकत आहे? आणि शेजाऱ्यानेही आधी शंख व्हावे. ओळखीचा, भल्या घरातला माणूस गाळा अडवून बसला असेल तर पहिल्यांदा त्यालाच सांगावे, की अमुक कुटुंब टेकूच्या इमारतीत आहे, तुमची किल्ली परत करा. दलाल आणि दादा यांच्याशी मात्र असे बोलायला जाऊ नये. तिथे थेट अर्जच करावा.

अर्ज आणि चहाडी यांतला फरक कागदावर दिसतो. अर्जाखाली नाव आणि सही असते. जिवाला धोका असेल तर नाव गुप्त ठेवण्याची विनंती त्यातच लिहिता येते. अर्जात फक्त स्वतः पाहिलेले असावे: कोणती इमारत, कोणता गाळा, केव्हापासून किती वेळा माणसे बदलली, भाडे घ्यायला कोण येते, खोली दाखवायला कोणता मध्यस्थ आणतो. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहावी. शेजाऱ्याची पत्रे उघडणे, कागद हिसकावून पाहणे, मुलांना विचारून माहिती काढणे ही टेहळणी झाली आणि ती त्याज्यच. माणसाचे आडनाव, धर्म, भाषा, तव्यावर काय शिजते, यांतले एक अक्षरही अर्जात येता कामा नये. ज्या दिवशी अशा तक्रारी परप्रांतीयांना किंवा विशिष्ट वस्तीतल्या लोकांना हुसकावण्याचे हत्यार बनतात, त्या दिवशी कौशिकाचा नरक सुरू होतो.

बंद दार म्हणजे घुसखोरी नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. आजी केईएममध्ये भरती असेल. मुलगा बाळंतपणासाठी बायकोला गावी घेऊन गेला असेल. मूळ रहिवासी वारल्यावर सुनेच्या नावे वारस नोंद व्हायला कार्यालयात सहा-सहा वर्षे खेटे घालावे लागत असतील. बिलावरचे नाव वेगळे दिसते ते त्यामुळे. घरात राहायला आलेला भाचा हा पोटभाडेकरू नसतो. शंका आली तर आधी दार वाजवून विचारावे, "काही मदत लागेल का?" निम्म्या शंका तिथेच मिटतील.

उरलेल्या निम्म्यांसाठी रस्ता ठरलेला आहे. शिबिर म्हाडाचे असेल तर संबंधित मंडळाच्या मिळकत व्यवस्थापकाकडे, झोपु योजनेतले घर असेल तर झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे लेखी अर्ज द्यायचा. ऑनलाइन 'आपले सरकार' वर तक्रार नोंदवता येते, म्हाडाच्या लोकशाही दिनात जाता येते. महिना-दीड महिन्यात हालचाल दिसली नाही, तर अर्जावर काय कार्यवाही झाली हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. आणि अर्जाच्या शेवटी दोन ओळी जरूर लिहाव्यात: गाळ्यात राहणाऱ्या कुटुंबाची बाजू ऐकून घ्यावी, आणि पावसाळ्यात त्यांना रस्त्यावर काढू नये.

तक्रारीच्या अर्जावर तारीख घालावी, एक प्रत आपल्याजवळ ठेवावी, आणि आवक खिडकीवर तिच्यावर शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नये.